नागपुरातील वस्तीसाठी क्षेपणास्त्र-इशाऱ्याचा सराव कसा घ्यावा

अण्वस्त्रांचे आणि ती वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रांचे सराव ही आता वर्तमानपत्रांत नेमाने येणारी बातमी झाली आहे. रशियाचा ‘ग्रोम’, नाटो देशांचा ऑक्टोबरमधील ‘स्टेडफास्ट नून’, उत्तर कोरियाची समुद्रात जाऊन पडणारी क्षेपणास्त्रे आणि आपल्याकडील अग्नी मालिकेच्या चाचण्या यांविषयी वाचल्यावर मनात दोन प्रश्न येतात. असे क्षेपणास्त्र आलेच तर ते वाटेत पाडता येईल का, आणि पाडता आले नाही तर आपण काय करायचे? पुढील मार्गदर्शन दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. मात्र पहिल्याचे प्रामाणिक उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे कोणी गांभीर्याने वळत नाही, हे सराव घेऊ इच्छिणाऱ्याने आरंभीच ध्यानात घ्यावे.

सराव एका फ्लॅट स्कीमपुरता किंवा ले-आउटमधील एका गल्लीपुरता ठेवावा. सगळ्यांची नावे आणि मजले आयोजकाला तोंडपाठ असतील इतकाच गट पहिल्या खेपेस पुरेसा असतो.

पहिली बैठक

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, झिरो माइलचा स्तंभ आपल्याच शहरात आहे, म्हणून आपल्यापर्यंत काही पोहोचणार नाही, ही समजूत पहिल्याच बैठकीत कोणीतरी बोलून दाखवते. बाँबफेकी विमानांच्या काळात तिला अर्थ होता. क्षेपणास्त्राच्या बाबतीत मात्र अंतर मिनिटांत मोजावे लागते. लाहोरपासून नागपूर सरळ रेषेत सुमारे साडेबाराशे किलोमीटर आहे आणि मध्यम पल्ल्याच्या बॅलिस्टिक, म्हणजे उंच जाऊन कमानीच्या मार्गाने खाली येणाऱ्या, क्षेपणास्त्राला एवढे अंतर कापायला दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. आंतरखंडीय क्षेपणास्त्र, म्हणजे ५,५०० किलोमीटरपेक्षा अधिक पल्ल्याचे, दहा हजार किलोमीटर अंतर अर्ध्या तासात पार करते. शिवाय वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे आणि देशाच्या चारही दिशांचे लोहमार्ग येथे एकत्र येतात. हे सांगताना कोणाला घाबरवू नये, पण लपवूही नये. ज्या शहरात १९५७ पासून राष्ट्रीय पातळीवरील नागरी संरक्षणाचे प्रशिक्षण दिले गेले, त्या शहरातील गृहस्थाला एवढी माहिती असणे उचितच आहे.

उड्डाणाच्या दहा मिनिटांतील काही मिनिटे क्षेपणास्त्र टिपण्यात, खात्री करण्यात आणि इशारा खालपर्यंत पोहोचण्यात जातात. म्हणून सरावासाठी आपल्या हाती पाच मिनिटे आहेत असे धरून चालावे. पुढची सगळी आखणी या पाच मिनिटांत बसवायची आहे.

सरावाची पूर्वसूचना

हे काम कंटाळवाणे वाटते, पण माझ्या मते सरावातील सर्वांत जबाबदारीचे काम हेच आहे, कारण सराव खरा समजला जाणे हा अण्वस्त्रयुगातील सिद्ध झालेला धोका आहे. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात प्रशिक्षणासाठीची संगणक-फीत चालू यंत्रणेत शिरली आणि पडद्यावर प्रचंड सोव्हिएत हल्ला दिसू लागला. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यावरून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी अग्निबाण सोडण्यात आला. त्याची पूर्वसूचना रशियाला दिलेली होती, परंतु ती रडारवरील कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचली नव्हती, आणि राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांच्या आदेशाची पेटी उघडली गेली. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर तर सरावाच्या ध्वनिमुद्रित निवेदनात ‘सराव’ हा शब्दही होता आणि ‘हा सराव नाही’ हे वाक्यही होते. एका कर्मचाऱ्याने ते खरे मानले आणि सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी लाखो फोनवर इशारा गेला. तो चुकीचा असल्याचा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटे लागली.

या प्रसंगांतून आपल्यासाठी थेट नियम निघतात. सरावाच्या प्रत्येक घोषणेच्या आरंभी आणि शेवटी ‘हा सराव आहे’ एवढेच शब्द असावेत. नाट्य आणण्यासाठी खऱ्या हल्ल्याची भाषा कोणीही वापरू नये. सरावाची वेळ निदान तीन दिवस आधी लेखी कळवावी. ३ ऑक्टोबर २००५ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी केलेल्या कराराप्रमाणे बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना परस्परांना किमान तीन दिवस आधी द्यावी लागते. एकमेकांवर विश्वास नसलेली दोन राष्ट्रे जर ही शिस्त पाळतात, तर शेजारच्या इमारतीला न कळवता आपण भोंगा वाजवणे अक्षम्य ठरेल. जवळचे पोलीस ठाणे, महापालिकेचे झोन कार्यालय, अग्निशमन केंद्र, लगतच्या इमारती आणि परिसरातील रुग्णालय किंवा शाळा यांना पत्र द्यावे, आणि ते नुसते आवक विभागात न ठेवता त्या वेळी कामावर असणाऱ्या व्यक्तीला ठाऊक आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. नॉर्वेच्या प्रकरणात नेमकी हीच कडी निसटली होती.

हवाई हल्ल्याचा खरा भोंगा खाजगीरीत्या वाजवू नये. तो प्रशासनाचा अधिकार आहे. वस्तीच्या सरावात शाळेची घंटा किंवा शिट्टी वापरावी. लोकांना मात्र खऱ्या भोंग्याची ओळख करून द्यावी. वरखाली होणारा, थरथरता आवाज म्हणजे धोक्याचा इशारा आणि एका पट्टीतील सलग आवाज म्हणजे धोका टळला, हा संकेत मुलांकडून तोंडाने आवाज काढून घेतला तर पक्का बसतो. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने मोबाइलवर जे कर्कश आवाजाचे नमुना संदेश पाठवले होते, त्यांचीही आठवण द्यावी. ‘हा काय उपद्रव आहे’ म्हणून अनेकांनी फोनच्या सेटिंगमध्ये ते इशारे बंद करून ठेवले असण्याची शक्यता आहे. बैठकीतच प्रत्येकाने आपला फोन काढून तपासावा.

‘वाटेतच पाडतील ना?’

या प्रश्नासाठी बैठकीत निदान वीस मिनिटे राखून ठेवावीत. लोकांनी इस्रायलच्या आयर्न डोमची दृश्ये पाहिलेली असतात, आपल्याकडे एस-४०० आल्याचे वाचलेले असते, आणि आकाशात येणारी प्रत्येक वस्तू आता फोडता येते असे त्यांना वाटते. आयर्न डोम मुख्यतः चार ते सत्तर किलोमीटर पल्ल्याच्या रॉकेटांसाठी आहे. एस-४०० ही विमाने, विमानासारखी उडत येणारी क्रूझ क्षेपणास्त्रे आणि मर्यादित पल्ल्याची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे यांच्यासाठी उत्तम प्रणाली आहे. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे अस्त्रमुख, म्हणजे टोकावरील स्फोटक भाग, सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने येते, म्हणजे कोराडीपासून बुटीबोरीपर्यंतचे अंतर पाच-सहा सेकंदांत. हे सगळे वेगवेगळ्या जातीचे प्रश्न आहेत, हे आधी स्पष्ट करावे.

त्यानंतर फळ्यावर उड्डाणाचे तीन टप्पे काढावेत. पहिल्या टप्प्यात इंजिन जळत असते. तो तीन ते पाच मिनिटांचा असतो. या वेळी लक्ष्य मोठे, तेजस्वी आणि तुलनेने संथ असते, परंतु ते पाडायचे तर आपले प्रतिक्षेपणास्त्र, ज्याला इंटरसेप्टर म्हणतात, शेकडो किलोमीटरच्या आत, म्हणजे बहुधा शत्रूच्या दारातच, सज्ज असावे लागते. दुसरा टप्पा अवकाशातील असून आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या बाबतीत तो वीस मिनिटांच्या आसपास चालतो. वेळ सर्वांत जास्त येथे मिळतो आणि सर्वांत कठीण अडचणही येथेच आहे. अवकाशात हवा नसते, त्यामुळे जड अस्त्रमुख आणि त्याच्याबरोबर सोडलेला धातूचा मुलामा दिलेला हलका फुगा एकाच वेगाने, एकाच मार्गाने जातात. रडारला आणि उष्णता टिपणाऱ्या संवेदकाला दोन्ही सारखे दिसावेत अशी योजना हल्लेखोराला करता येते. वातावरणात शिरल्यावर फुगे मागे पडतात, खरे अस्त्रमुख उघडे पडते, पण तेव्हा तिसरा टप्पा सुरू झालेला असतो आणि तो मिनिटाभराचाच असतो. त्या मिनिटात एखाद्या शहराभोवतीचे मर्यादित क्षेत्र राखता येते. सबंध देशावर छत धरता येत नाही.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी एक हिशेब जरूर करून दाखवावा. अमेरिकेने अलास्का आणि कॅलिफोर्निया येथे मिळून ४४ इंटरसेप्टर ठेवले आहेत. १९९९ पासून त्या प्रणालीच्या, लक्ष्य प्रत्यक्ष पाडून पाहण्याच्या, ज्या चाचण्या झाल्या, त्यांपैकी निम्म्यापेक्षा थोड्याच अधिक यशस्वी ठरल्या, आणि त्या चाचण्यांत लक्ष्य कधी व कोठून येणार याची माहिती बरीचशी आधीच असते. एका इंटरसेप्टरची यशाची शक्यता निम्मी धरली, तर एका अस्त्रमुखावर चार सोडल्यास ते अडवले जाण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के होते. हा आकडा ऐकून सभेला हायसे वाटते. मग विचारावे की अशी दहा अस्त्रमुखे आली तर? दहाही अडवली जाण्याची शक्यता ५२ टक्क्यांवर येते, म्हणजे निदान एक तरी निसटण्याची शक्यता जवळपास निम्मी. चाळीस इंटरसेप्टरही खर्ची पडलेले असतात. शिवाय हा हिशेब चारही इंटरसेप्टरांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरतो. फसव्या फुग्याने पहिल्याला चकवले तर तोच फुगा उरलेल्या तिघांनाही चकवू शकतो.

भारताची प्रगती सांगताना अभिमान जरूर बाळगावा आणि मोजमापही सोडू नये. २७ नोव्हेंबर २००६ रोजी पृथ्वी एअर डिफेन्स या इंटरसेप्टरने सुमारे ४८ किलोमीटर उंचीवर आणि ६ डिसेंबर २००७ रोजी ॲडव्हान्स्ड एअर डिफेन्स या दुसऱ्या इंटरसेप्टरने वातावरणाच्या आत लक्ष्यभेद केला. आपल्या क्षेपणास्त्ररोधी कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यातील एडी-१ या इंटरसेप्टरची पहिली चाचणी २ नोव्हेंबर २०२२ रोजी झाली आणि २४ जुलै २०२४ च्या चाचणीनंतर पाच हजार किलोमीटर वर्गातील क्षेपणास्त्रांपासून संरक्षण देण्याची देशी क्षमता सिद्ध झाल्याचे संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. ही थोडक्या देशांना साधलेली विद्या आहे. मात्र ११ मार्च २०२४ रोजी आपणच अग्नी-५ वरून एकाहून अधिक अस्त्रमुखे वेगवेगळ्या लक्ष्यांकडे सोडण्याची चाचणी घेतली, हेही त्याच श्वासात सांगावे. ज्या तंत्राने आपण दुसऱ्याची ढाल निष्प्रभ करू शकतो, तेच तंत्र आपल्या ढालीविरुद्धही वापरले जाऊ शकते. १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी क्षेपणास्त्ररोधी प्रणालींवर परस्पर मर्यादा घातली, ती याच जाणिवेतून: ढाल वाढली की समोरचा बाण वाढवतो. तो करार २००२ मध्ये अमेरिकेने सोडला.

उत्तर मिळालेल्या सभेला पुढचे वाक्य पटते: अडवण्याचे काम सैन्याचे आहे, ते शर्थ करतील, निसटलेल्या एकासाठी आपण तयार राहायचे आहे.

आडोशाची जागा ठरवणे

इमारतीतून एक फेरी मारावी आणि प्रत्येक कुटुंबाची जागा नावानिशी ठरवावी. निकष दोन आहेत: काचेपासून दूर आणि बाहेरच्या जगापासून जास्तीत जास्त जड भिंती मध्ये. साधारण सहा सेंटिमीटर काँक्रीट किंवा नऊ सेंटिमीटर दाबलेली माती स्फोटानंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीपासून येणारे भेदक गॅमा किरण निम्मे करते, आणि तेवढ्याच जाडीचा प्रत्येक नवा थर उरलेल्याचे पुन्हा निम्मे करत जातो. त्यामुळे खऱ्या तळघराला पहिली पसंती द्यावी. ते नसेल तर बहुमजली इमारतीच्या मधल्या मजल्यावरील मधला बोळ, जिन्याचा आतला भाग किंवा खिडकी नसलेली खोली घ्यावी. गच्चीलगतचा मजला आणि जमिनीलगतचा मजला टाळावा, कारण धूळ छतावर आणि अंगणात बसते.

आपल्याकडील बहुतेक फ्लॅट स्कीमच्या खाली असते ते खांबांवरचे उघडे पार्किंग. लोक सवयीने तिकडेच धाव घेतात. चारही बाजूंनी उघडी असलेली ती जागा ना स्फोटाच्या लाटेपासून वाचवते ना धुळीपासून. तिच्यावर नकाशात ठळक फुली मारावी. महाल-इतवारीतील जुन्या घरांच्या जाड भिंती धुळीपासून चांगला आडोसा देतात, पण कौले आणि लाकडी माड्या धक्क्यात कोसळू शकतात, म्हणून तेथे शेजारच्या काँक्रीटच्या इमारतीशी आधीच बोलून ठेवणे अधिक शहाणपणाचे. तळघर निवडताना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पूर आठवावा. अंबाझरी तलावाच्या सांडव्याखालील भागात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले, त्यांनी पर्यायी जागाही ठरवून ठेवावी.

प्रत्यक्ष पाच मिनिटे

वेळ सकाळची ठेवावी; मे महिन्यातील दुपारी ज्येष्ठांना जिन्यांवरून पळवू नये. घंटा वाजताच घड्याळ सुरू करावे. प्रत्येकाने हातातील काम टाकून, गॅस आणि कूलर बंद करून, दार ओढून ठरलेल्या जागी यायचे आहे. वस्तू गोळा करण्यासाठी वेळ देऊ नये. पिशवी आधीच भरलेली असली पाहिजे. जो एकटा राहतो, ज्याला ऐकू कमी येते, जिला कडेवर बाळ आहे, अशा प्रत्येकासाठी एक ठरलेला सोबती असावा, आणि त्या सोबत्याच्या गैरहजेरीत दुसरा.

जागेवर पोहोचल्यावर खाली बसून, मान आणि डोके हातांनी झाकून, डोळे मिटून राहण्याचा सराव करावा. बाहेर लख्ख प्रकाश दिसला तर खिडकीकडे जायचे नाही, हे मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावे. स्फोटाची लाट प्रकाशाच्या मागून येते. दहा किलोमीटरवर ती पोहोचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तेव्हा प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी गेले आणि मागाहून आलेल्या लाटेने काचा फुटून सुमारे १,५०० जण जखमी झाले. तेथे अणुबाँब नव्हता. केवळ खिडकीशी जाण्याची सवय होती.

अनेक सरावांत दिवे मालवण्याला मोठे स्थान असते. विमाने आणि ड्रोन यांच्यासाठी ते ठीक आहे. दीर्घ पल्ल्याचे क्षेपणास्त्र मात्र शहराचे दिवे पाहून येत नाही. त्याचे मार्गदर्शन त्याच्या पोटातील यंत्रे करतात. पाच मिनिटांतील दोन मिनिटे जर दिव्यांत जात असतील तर या सरावातून तो भाग वगळावा.

कोणीतरी म्हणेल की अणुबाँब पडल्यावर वाचतो कोण. अगदी खाली सापडलेल्यांसाठी बहुधा काही करता येत नाही, हे मान्य करावे. तरीही हिरोशिमात स्फोटबिंदूपासून अवघ्या १७० मीटरवरील काँक्रीट इमारतीच्या तळघरात गेलेला एक कर्मचारी जगला आणि पुढे अनेक वर्षे जगला. काही किलोमीटरवर असलेल्यांच्या बाबतीत तर जगणे आणि न जगणे यांतील फरक पुष्कळदा आडोसा हाच असतो.

पुढचे दोन दिवस

हा भाग बसून, चर्चेच्या रूपात घ्यावा. स्फोट जमिनीलगत झाला असेल तर उडालेली माती किरणोत्सारी होऊन वाऱ्याच्या दिशेने खाली बसते. काही किलोमीटरवर तिला पोहोचायला पंधरा मिनिटे तरी लागतात. तेवढ्यात अधिक चांगल्या आडोशाला जाता येते. पुढे तिची तीव्रता वेगाने उतरते: वेळ सातपट झाला की मारा दहावा हिस्सा उरतो. पहिल्या तासाच्या तुलनेत सात तासांनी एक दशांश, ४९ तासांनी एक शतांश. म्हणून प्रशासन वेगळे सांगत नाही तोवर पहिले २४ तास बाहेर पडूच नये आणि जमल्यास ४८ तास थांबावे. शाळेतील मुलांना आणायला धावण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. शाळा काँक्रीटची असेल तर मूल तेथेच अधिक सुरक्षित आहे, हे पालक आणि शाळा यांनी आधी एकत्र बसून ठरवावे, कारण ऐन वेळी हा निर्णय कोणत्याही आईबापाला घेता येणार नाही.

नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यायचे ते कूलरकडे. कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि तिच्याबरोबर धूळही. तो बंद करून त्याची खिडकी प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने झाकावी. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो, तो वीज असेपर्यंत लावायला हरकत नाही. मात्र ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय बंद खोलीत दोन दिवस काढणे ही स्वतंत्र आपत्ती आहे. त्यासाठी माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, शक्यतो अधिक, झाकलेल्या भांड्यांत साठवावे आणि मीठ-साखर, ओले पंचे, हातपंखे पिशवीत असावेत. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बंद करावेत; अंगावरील बहुतेक धूळ त्यानेच जाते. नंतर साबण-पाण्याने अंग धुवावे, खरवडू नये. आयोडीनच्या गोळ्या केवळ थायरॉईड ग्रंथीसाठी असतात आणि त्या सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. मोबाइलचे जाळे कोसळू शकते, म्हणून सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा आणि आकाशवाणी नागपूर त्यावर कोठे लागते हे आजच पाहून ठेवावे.

सराव संपल्याची सलग घंटा वाजवल्यावर आणि ‘हा सराव होता, तो संपला आहे’ असे जाहीर केल्यावर लोकांना लगेच पांगू देऊ नये. प्रत्येक मजल्याला किती वेळ लागला, कोण आलेच नाही, कोणते दार कुलूपबंद निघाले, लिफ्ट कोणी वापरली, हे तिथल्या तिथे वहीत लिहावे. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागलेल्या कुटुंबाला दोष न देता त्यांची जागा जवळ आणता येते का ते पाहावे. वहीची एक प्रत झोन कार्यालयाला द्यावी आणि पुढचा सराव रात्री, वीज गेली आहे असे धरून, लिफ्टविना ठेवावा.